जग संपलंय, पेट्रोल संपलंय, तरी ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ लोक पुन्हा पुन्हा का बघतात?

या सिनेमाची गोष्ट दोन वाक्यांत सांगता येते. एक ट्रक वाळवंटातून पळतो आणि त्याच्यामागे गाड्यांची फौज लागते. मग तोच ट्रक वळतो आणि आल्या वाटेने परत येतो.

बस्स, एवढंच.

तरीही २०१५ साली आलेल्या ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ला ऑस्करची १० नामांकनं मिळाली आणि त्यातले ६ पुरस्कार त्याने घरी नेले. आजही चांगल्या अ‍ॅक्शन सिनेमांचा विषय निघाला की हे नाव हमखास येतं. असं काय आहे या पाठलागात?

सुरुवात झाली पेट्रोलच्या रांगेतून

या मालिकेचे दिग्दर्शक जॉर्ज मिलर हे मूळचे डॉक्टर. सिडनीच्या हॉस्पिटलमध्ये इमर्जन्सी विभागात काम करताना त्यांनी रस्ते अपघातात जखमी झालेले अनेक लोक जवळून पाहिले. त्यांचं लहानपण ऑस्ट्रेलियाच्या ग्रामीण भागात गेलं होतं. तिथले लांबलचक सरळ रस्ते आणि त्यावर सुसाट गाड्या पळवणारी पोरं त्यांच्या ओळखीची होती.

त्यातच १९७३ चं तेलसंकट आलं. पेट्रोल मिळेना तेव्हा साधी माणसंही हातघाईवर येतात, हे सहलेखक जेम्स मॅककॉसलँड यांनी टिपलं होतं. त्यातून १९७९ साली पहिला ‘मॅड मॅक्स’ आला. खर्च होता चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलर्सच्या आसपास, तर जगभरातली कमाई गेली १० कोटी डॉलर्सच्या वर! खर्चाच्या तुलनेत सर्वाधिक नफा कमावणारा सिनेमा म्हणून त्याचं नाव गिनीज बुकात अनेक वर्षं होतं.

ज्याच्या हातात पाणी, तोच राजा

‘फ्युरी रोड’मध्ये या संकटात पाण्याची भर पडते. इमॉर्टन जो नावाचा हुकूमशहा एका उंच कड्यावर राहतो. जमिनीखालचं पाणी त्याच्या ताब्यात आहे. मनात आलं की तो थोडा वेळ पाणी सोडतो आणि खाली भांडी घेऊन उभी असलेली माणसं एकमेकांवर तुटून पडतात. वर तोच त्यांना बजावतो की पाण्याची सवय लावून घेऊ नका.

जगाचा नाश कसा झाला, याचं लांबलचक भाषण सिनेमा देत नाही. या एका प्रसंगात सत्ता कशी चालते ते कळतं. टँकरमागे हंडे घेऊन धावणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना तर हे समजावून सांगायची गरजच नाही.

२७०० तुकडे, तरी गोंधळ नाही

आजकालच्या बऱ्याच अ‍ॅक्शन सिनेमांत कोण कोणाला मारतंय तेच कळत नाही. कॅमेरा हलतो, पटापट कट होतात आणि डोकं दुखायला लागतं.

इथे तर दोन तासांत सुमारे २७०० शॉट्स आहेत, म्हणजे सरासरी तीन सेकंदही एक दृश्य टिकत नाही. तरी प्रेक्षक हरवत नाही. कारण मिलर यांनी एक साधा नियम पाळला, तो म्हणजे महत्त्वाची गोष्ट शक्यतो पडद्याच्या मधोमध ठेवायची. पुढच्या शॉटमध्येही नजर तिथेच असते, त्यामुळे डोळ्यांना शोधाशोध करावी लागत नाही.

शूटिंगचं फुटेज होतं तब्बल ४८० तासांचं. नुसतं बघायचं म्हटलं तरी २० दिवस-रात्र लागतील. ते कापून सिनेमा उभा केला मार्गारेट सिक्सेल यांनी. त्या मिलर यांच्या पत्नी. याआधी त्यांनी एकही अ‍ॅक्शन सिनेमा एडिट केला नव्हता आणि मिलर यांना नेमकं तेच हवं होतं, म्हणजे सिनेमा इतरांसारखा दिसणार नाही. एडिटिंगचं ऑस्कर त्यांनाच मिळालं.

खरं किती, खोटं किती?

‘यात सगळं खरंखुरं आहे, कॉम्प्युटरचं काही नाही,’ असं सोशल मीडियावर अनेकदा वाचायला मिळतं. ते पूर्ण खरं नाही. वाळूचं प्रचंड वादळ, फ्युरिओसाचा नसलेला हात अशा ठिकाणी कॉम्प्युटरचा भरपूर वापर झालाय.

पण गाड्या खऱ्या बांधल्या होत्या आणि नामिबियाच्या वाळवंटात त्या खऱ्याच धावल्या. खरं तर शूटिंग ऑस्ट्रेलियात व्हायचं होतं. पण तिथे इतका पाऊस पडला की ओसाड माळावर फुलं उगवली आणि सगळा बाडबिस्तरा आफ्रिकेत हलवावा लागला! धावत्या गाडीवरच्या उंच खांबाला लटकून झोके घेणारी माणसंही खरी आहेत. आग ओकणारी गिटारसुद्धा खरंच वाजत होती आणि खरंच आग ओकत होती. वजन, धूळ, धक्के खरे असले की प्रेक्षकाच्या पोटातही खरा गोळा येतो.

पळून जायचं कुठे?

पण नुसत्या स्टंट्सवर सिनेमा इतकी वर्षं टिकत नाही. सिनेमाचं नाव मॅक्सचं असलं तरी गोष्ट चालवते शार्लीझ थेरॉनने साकारलेली फ्युरिओसा. जोने कोंडून ठेवलेल्या पाच बायकांना घेऊन ती आपल्या लहानपणीच्या हिरव्यागार प्रदेशाकडे निघते.

तिथपर्यंत पोचल्यावर कळतं की तो प्रदेश केव्हाच नासला आहे. आता दोनच रस्ते उरतात. पुढे अंत नसलेलं मिठाचं वाळवंट आणि मागे शत्रू. पण मागे शत्रूच्याच कड्यावर पाणी आहे, हिरवळही आहे. म्हणून ट्रक वळतो.

जगबुडीच्या सिनेमांत सहसा कुणीतरी नवी, सुरक्षित जागा शोधून निसटतं. इथे तशी जागाच नाही. जे पाणी एकाने अडवून ठेवलंय, ते परत जाऊन सगळ्यांसाठी मोकळं करायचं, एवढाच मार्ग आहे. दोन तासांच्या धुराळ्यानंतर प्रेक्षक थकून नाही, तर उभारी घेऊन बाहेर पडतो, तो यामुळेच.