चष्मा आणि केसांची ठेवण



डोळ्यांना चष्मा लागल्याचें डॉक्टरांनीं सांगितलें, म्हणजे घरांत पहिली चिंता बहुधा डोळ्यांची होत नाहीं, चेहऱ्याची होते. 'आतां ही दिसणार कशी?' हा प्रश्न मुलीच्या आईला पडतो, तसाच तो मिसरूड फुटलेल्या मुलालाही पडतो. तो बोलून दाखवीत नाहीं, इतकेंच. ही चिंता हंसण्यावारी नेऊं नये. तिचा परिणाम पुष्कळदां असा होतो, कीं चष्मा दप्तरांतच राहतो, फळ्यावरचीं अक्षरें अंधुक दिसतात, आणि मुलगा अभ्यासांत मागें पडला म्हणून त्यालाच बोल लावला जातो. लहान वयांत एका डोळ्याची दृष्टि अधू असेल, तर गोष्ट याहूनही गंभीर आहे. अशा डोळ्याला योग्य भिंगांतून पाहण्याची संवय वेळेवर लागली नाहीं, तर मेंदू त्या डोळ्याकडून येणाऱ्या चित्राकडे दुर्लक्ष करूं लागतो. आणि मोठेपणीं भिंग दिलें तरी गेलेली दृष्टि पुरतेपणीं परत येईलच असें नाहीं. शाळेंतील गरजू मुलांना मोफत चष्मे देण्याची तरतूद १९७६ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्वनियंत्रण कार्यक्रमांत आहे. पण चष्मा देणें सरकारच्या हातीं. तो नाकावर राहणें आपल्या हातीं. म्हणून केस कसे कापावे, हा वरवर नटवेपणाचा वाटणारा विषय आज बोलावयास घेतला आहे.

आपल्या पणजोबांना हा प्रश्न फारसा पडला नसेल. नामदार गोखल्यांचें छायाचित्र आपण पाहिलें आहे. नाकावर चष्मा आणि डोक्यावर पगडी. पगडीनें केसांचा प्रश्नच मिटविला होता. पगडी गेली, टोपीही गेली, डोकें उघडें झालें, आणि चष्मा व केस यांची एकमेकांशीं प्रथमच समोरासमोर गांठ पडली. ही गांठ सलोख्याची व्हावी, एवढेंच आपल्याला साधावयाचें आहे.

मुख्य तत्त्व सोपें आहे. चष्मा लावला कीं चेहऱ्यावर एक नवी आडवी रेघ येते. ती म्हणजे चौकटीची वरची कड. कपाळावर केस जेथें संपतात तेथें दुसरी रेघ असतेच. ह्या दोन रेघा एकमेकींस समांतर आणि जवळजवळ आल्या, कीं मधल्या कपाळाची नुसती पट्टी उरते, डोळे दडपल्यासारखे दिसतात, आणि माणूस उगाच आठ्या घालून बसला आहे असा भास होतो. म्हणून कपाळावर केस सोडावयाचेच असतील, तर ते आणि चौकट यांमध्यें निदान दोन बोटें अंतर असावें. नाहीं तर केसांची कड सरळ न ठेवतां तिरपी, एका बाजूस उतरती ठेवावी. तिरप्या रेघेचें आडव्या रेघेशीं भांडण होत नाहीं.

दुसरी गोष्ट क्रमाची. आधीं चौकट ठरवावी, मग केस. चौकट एकदां घेतली म्हणजे वर्षदोन वर्षें ती आपल्याबरोबर राहते. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. ज्याला बदलणें सोपें, त्यानें दुसऱ्याशीं जुळवून घ्यावें, हा संसारांतला न्याय येथेंही लागू आहे. चौकट जाड व काळी असेल, तर केसांची ठेवण साधी असावी. दोघांनींही एकदम बोलूं लागणें बरें नव्हे. उलट तारेची बारीक किंवा बिनकडेची चौकट असेल, तर केसांना थोडा भरदारपणा शोभतो.

आपला चेहरा कोणत्या घडणीचा, हें ठरवावयास फार विद्वत्ता लागत नाहीं. केस मागें घट्ट ओढून बांधावे, चष्मा लावावा, आरशासमोर हातभर अंतरावर स्थिर उभें राहावें, एक डोळा मिटावा, आणि साबणाच्या वडीनें आरशावर दिसणारी चेहऱ्याची व चौकटीची कड गिरवावी. बाजूला होऊन त्या चित्राकडे पाहावें. गोल चेहरा असेल तर त्यास उंची हवी. म्हणून डोक्यावर केस थोडे उभार, कानांच्या बाजूंस चपटे ठेवावे. लांब चेहऱ्याला उंचीची गरज नाहीं. त्यास कानांच्या बाजूंनीं थोडी भर आणि कपाळावर तिरपी बट चालते. जबडा रुंद असेल तर केसांचीं टोकें नेमकीं जबड्याच्या रेघेवर संपूं नयेत, वर तरी संपावीं नाहीं तर खालीं तरी उतरावीं. हनुवटी निमुळती असेल तर केसांचा भार कानांखालीं असूं द्यावा, कारण वरचा भाग चष्म्यानें आधींच जड झालेला असतो.

हे नियम दगडावरची रेघ मात्र समजूं नये. भरल्या चेहऱ्याला गोल चष्मा शोभत नाहीं, असें पुष्कळ जण सांगतात. रायगड जिल्ह्यांतील महाडचें उदाहरण घ्या. त्या गांवीं २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं चवदार तळ्याचें पाणी ओंजळीनें घेऊन प्राशन केलें. आज महाराष्ट्रांत गांवोगांवीं त्यांचे पुतळे आहेत, आणि लहान मूलही ते लांबून ओळखतें. भरदार चेहरा, गोल चष्मा, आणि मागें वळविलेले केस. कपाळ मोकळें असल्यामुळें चौकटीच्या वर ऐसपैस जागा राहते, चेहऱ्याला उंची येते, आणि गोलावर गोल असूनही दृष्टि आधीं कपाळाकडे व डोळ्यांकडे जाते. त्याच जिल्ह्यांत, पेण तालुक्यांतील गागोदें येथें १८९५ सालीं जन्मलेल्या विनोबांचें रूप आठवा. तेथें दाढीनें चेहऱ्याच्या खालच्या भागाला वजन दिलें आणि वरच्या चष्म्याचा तोल सांवरला. गांधीजींच्या डोक्यावर तर केस नव्हतेच. सारी ओळख चष्म्याकडे आली, ती इतकी, कीं २०१४ सालच्या स्वच्छ भारत मोहिमेच्या चिन्हांत चेहरा न काढतां केवळ त्यांचा चष्माच काढला आहे. कवयित्री शान्ता शेळके यांचा मोठा चष्मा आणि मागें बांधलेले केस हेंही मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें असलेलें चित्र आहे. यांतील कोणीही शोभेसाठीं आरशापुढें बसलें असेल असें नाहीं. पण प्रत्येक ठिकाणीं चष्म्याला चेहऱ्यावर मोकळी जागा मिळाली आहे, आणि तेंच घेण्यासारखें आहे.

आतां भिंगांचा विचार. ज्यांना लांबचें दिसत नाहीं, त्यांच्या चष्म्याचें भिंग मध्यें पातळ व कडेला जाड असतें. त्यांतून त्यांचे डोळे दुसऱ्याला आहेत त्याहून लहान दिसतात, आणि नंबर मोठा असला तर चौकटीच्या आंत गालाची कड तुटून आंत सरकल्यासारखी वाटते. अशांनीं कपाळ झांकूं नये. डोळ्यांवर उजेड पडूं द्यावा. कानशिलाजवळ मात्र थोडे केस पुढें राहूं द्यावे, म्हणजे ती सरकलेली कड नजरेंत भरत नाहीं. ज्यांचें भिंग मध्यें जाड असतें, त्यांचे डोळे उलट मोठे दिसतात. त्यांनीं केस ओढून चापून बसविले, तर नुसते डोळेच दिसूं लागतात; त्यांना चेहऱ्याभोंवतीं थोडी सैल, मऊ ठेवण बरी. चाळिशी लागलेल्यांचा चष्मा सारखा लावणें-काढणें चालूं असतो. त्यांनीं अशी ठेवण घ्यावी, कीं काड्या काढतांना प्रत्येक वेळीं भांग विसकटणार नाहीं.

कानाकडे फारसें कोणी पाहत नाहीं, आणि बिघाड नेमका तेथेंच होतो. चष्म्याची काडी कानशिलावरून कानामागें जाते. तेथें केस दाट राहिले, तर काडी उचलली जाते, चष्मा वांकडा बसतो किंवा नाकावरून घसरतो. म्हणून कानावरचे केस विरळ करून घ्यावे. परंतु वस्तऱ्यानें अगदीं पांढरे करूं नयेत, कारण मग गोऱ्या कातडीवर काळी काडी रेघ ओढल्यासारखी दिसते. कल्ले कानाच्या मध्यापर्यंत उतरते व बारीक ठेवले, म्हणजे काडी त्यांत मिसळून जाते. मुलींच्या दोन घट्ट वेण्या कानांवरून ओढून घातल्या, तर त्याही काड्या ढकलतात; वेणी कानाच्या जरा मागून आणि खालून सुरू करावी. अंबाडा घालणाऱ्या स्त्रियांनीं कानापुढें एक हलकी बट सोडली, तर काडी व गाल यांचा कठोर कोन सौम्य होतो. आणि तेल! डोक्यावरचें तेल कपाळावर उतरतें, तेथून नाकावर आणि भिंगांवर. तें रात्रीं लावून सकाळीं धुवावें. म्हणजे चष्मा घसरणार नाहीं आणि जगही स्वच्छ दिसेल.

मुंबई-पुण्याच्या केशकर्तनालयांत पंख्याखालीं शोभणारी ठेवण खरी उतरते कीं नाहीं, याची परीक्षा मात्र पावसांत होते. मुंबई-गोवें रस्त्यावरील पोलादपूर सोडून सह्याद्रीच्या अंगाला चढूं लागलें, कीं उंचावर कुडपण गांव लागतें. प्रतापगडाच्या परिसरांतलें हें गांव. जवळ भीमाची काठी म्हणून ओळखला जाणारा उंच सुळका, आणि पावसाळ्यांत चोहोंकडे धबधबे व धुकें. शहरांतील पुष्कळ मंडळी अलीकडे पावसाळ्यांत मुद्दाम तिकडे जातात. तेथें चष्मेवाल्याची काय अवस्था होते पाहा. केस हवेंतील ओलावा शोषून घेतात. फणीनें किंवा उष्णतेनें दिलेलें वळण त्या ओलाव्यानें सुटतें. सरळ केसांची झालर कपाळाला आणि भिंगाला चिकटते. कुरळे केस फुगून चौकटीवर चढतात. उबदार घरांत शिरतांच थंड भिंगांवर वाफ धरते. चष्मा पुसावयाचा तर आधीं केस बाजूला करावयाचे, आणि मग पुन्हां चष्मा ओल्या केसांत खुपसावयाचा! डोंगरांतील गांवीं राहणाऱ्या माणसाला दर तीन आठवड्यांनीं न्हाव्याकडे जाणेंही सोयीचें नसतें. म्हणून ठेवण निवडतांना मी एक कसोटी सुचवितों. तिला कुडपणची कसोटी म्हणा. केस ओले करावे, पंचानें पुसावे, फणी न घेतां बोटें फिरवावीं, आणि चष्मा लावावा. केस भिंगांपासून दूर राहिले, आणि ही ठेवण दोन महिने वाढूनही डोळ्यांवर येणार नाहीं असें दिसलें, तर ती आपली. जुलै महिन्यांत दादरच्या स्टेशनवर उभ्या राहणाऱ्यालाही हीच कसोटी पुरेशी आहे.

शेवटीं केशकर्तनालयाविषयीं. खुर्चीवर बसल्याबरोबर चष्मा काढून ठेवावा लागतो, आणि ज्याचा नंबर मोठा त्याला समोरच्या आरशांत एक धूसर ठिपका दिसतो. कारागीर 'बरोबर आहे ना?' असें विचारतो, आणि आपण न पाहतांच मान हालवितों. हें टाळण्याचा उपाय साधा आहे. बोलणें चष्मा उतरविण्यापूर्वींच पुरें करावें. भांग कोठें, कपाळावर केस कोठपर्यंत, हें स्वतःच्या बोटानें चौकटीवर टेकवून दाखवावें. मागें चांगल्या कापलेल्या वेळचें, चष्मा लावलेलें छायाचित्र मोबाईलमध्यें असेल तर तें दाखवावें. ओले केस लांब दिसतात आणि वाळल्यावर आंखडतात, कुरळे तर फारच; म्हणून कपाळावरचे केस पहिल्या खेपेस बोटभर लांबच ठेवावयास सांगावें. अर्धें काम झालें कीं थांबवून चष्मा लावून पाहावें, आणि कानाभोंवतींचें काम संपल्यावर काड्या नीट बसतात कीं नाहीं याची खात्री करून मगच उठावें. कसबी कारागीर याचा राग मानीत नाहीं. उलट गिऱ्हाइकाला काय हवें हें कळल्यानें त्याचेंच काम सोपें होतें.

घरांत नुकताच चष्मा लागलेलें मूल असेल, तर ह्या सगळ्या गोष्टी त्याच्याशीं बोलून, त्याच्या पसंतीनें कराव्या. 'चष्म्यानें कांहीं वाईट दिसत नाहीं' असें दहा वेळां सांगण्यापेक्षां, चष्म्यासह त्याचे केस एकदां नीट कापून आणले तर त्याची समजूत अधिक पटते. छायाचित्र काढण्याची वेळ आली म्हणजे आपल्याकडे पहिला हात चष्म्याकडे जातो; तो काढून खिशांत टाकला जातो. ज्या दिवशीं तो हात खालींच राहील आणि मूल चष्मा लावूनच कॅमेऱ्याकडे पाहील, त्या दिवशीं केस बरोबर कापले गेले असें खुशाल समजावें.