चाकामागची तबकडी

बैलगाडीचें चाक आंसावर कसें राहतें, हें खेड्यांत लहानाचा मोठा झालेल्या कोणासहि सांगावें लागत नाहीं. लाकडी तुंब्यांतून आंसाचें टोक बाहेर येतें, त्या टोकांत एक खीळ घातलेली असते, आणि ती खीळ जागेवर आहे तोंवर चाक निसटत नाहीं. गाडीवान निघण्यापूर्वीं खिळीला हात लावून पाहतो. त्याच्या विद्येचा तो पहिला धडा होय. मोटारीच्या चाकाला अशी खीळ नसते. तें जागेवर राहतें तें अगदीं निराळ्या तत्त्वानें. आणि तें तत्त्व न जाणतां चाकाच्या मागें एक जादा वस्तु घालण्याचा मोह आज अनेक हौशी मोटारमालकांना होत असतो. ती वस्तु म्हणजे ‘स्पेसर’.

स्पेसर ही ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची एक वाटोळी तबकडी असते. मोटारीचा जो फिरता भाग चाकाला धरून ठेवतो त्याला हब म्हणतात. हब आणि चाक यांच्यामध्यें ही तबकडी बसविली, कीं तिची जितकी जाडी तितकें चाक बाहेर सरकतें. तबकडी ३ मिलिमीटर जाडीचीहि असते आणि २५ मिलिमीटरांहून अधिक जाडीचीहि असते. एकाच आंसावरील दोन्हीं चाकांना समान जाडीच्या तबकड्या घालावयाच्या असतात. म्हणून १५ मिलिमीटरांची जोडी घातली तर डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर एकंदर ३० मिलिमीटरांनीं वाढतें.

एवढा खटाटोप करावयाचा कशासाठीं? कारणें तीन सांगतां येतील. पहिलें कारण डोळ्यांचें. पुष्कळशा गाड्यांचीं चाकें मडगार्डच्या आंत खोल गेलेलीं दिसतात. तीं मडगार्डच्या कडेला आलीं म्हणजे गाडी ठाण मांडून उभी असल्यासारखी भासते. दुसरें कारण जागेचें. मोठे ब्रेक किंवा अधिक रुंद चाकें बसविलीं, तर चाकाची आंतील बाजू ब्रेकला वा सस्पेन्शनच्या दांड्यांना घासूं लागते आणि तेवढ्यापुरती फट काढावी लागते. तिसरें कारण वळणाचें. चाकांमधील अंतर वाढलें तर वळणावर गाडी अधिक स्थिर राहील, ही अपेक्षा. या तिहींपैकीं पहिलें कारण सर्वांत प्रबळ असतें. पण बोलतांना पुढें केलें जातें तें बहुधा तिसरें.

या तिसऱ्या कारणाची किंमत आंकड्यांत पाहण्याजोगी आहे. उदाहरणासाठीं जपानच्या माझ्दा कंपनीची एम्.एक्स्.-५ ही दोन माणसांची उघडी गाडी घ्यावी. १९८९ सालीं शिकागोच्या मोटार-प्रदर्शनांत ती प्रथम लोकांपुढें आली. अमेरिकेंत ती मियाटा या नांवानें ओळखली जाते. एप्रिल २०१६ मध्यें या मालिकेंतील दहा लाखावी गाडी कारखान्यांतून बाहेर पडली. दोन माणसांच्या स्पोर्ट्स गाड्यांत इतका खप दुसऱ्या कोणत्याहि गाडीचा झालेला नाहीं. तिच्या पहिल्या पिढीचें वजन एक टनाहून किंचित् कमी, आणि पुढील दोन चाकांमधील अंतर सुमारे १४१० मिलिमीटर. वळणावर आंतील चाकावरचा कांहीं भार बाहेरच्या चाकावर जातो. चाकांमधील अंतर जितकें अधिक तितका हा बदल कमी. आतां १५ मिलिमीटरांच्या तबकड्या घातल्या, तर १४१० चे १४४० होतात. म्हणजे पूर्वीं ज्या वळणावर १०० किलोंचा भार एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जात असे, तेथें आतां ९८ किलोंचा जाईल. लाभ खरा आहे. परंतु तो शेंकडा दोन आहे. शर्यतीच्या मैदानावर सेकंदाच्या अंशासाठीं झगडणाऱ्याला तो मोलाचा वाटेल. रोज कचेरींत जाणाऱ्याला त्याची जाणीवहि होणार नाहीं.

आतां या लाभाचें मोल कशांत द्यावें लागतें तें पाहावें. मोटारीची रचना करणारा इंजिनियर चाक कोठें असावें हें स्वैरपणें ठरवीत नाहीं. चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांमधील अंतराला ‘ऑफसेट’ म्हणतात. उपर्युक्त गाडीच्या मूळ चाकांत तें ४५ मिलिमीटर आहे. १५ मिलिमीटरांची तबकडी घातली, कीं तें व्यवहारतः ३० झालें. सुकाणूच्या चक्राबरोबर पुढचें चाक ज्या कल्पित रेषेभोंवतीं वळतें, ती रेषा जमिनीला जेथें मिळते तेथून टायरचा जमिनीवर टेकलेला भाग किती दूर आहे, यावर सुकाणूचा स्वभाव अवलंबून असतो. हें अंतर वाढलें म्हणजे रस्त्यांतील प्रत्येक खळग्याचा हिसका चालकाच्या हातापर्यंत पोंचतो. एक चाक कोरड्या डांबरावर आणि दुसरें ओल्या वाळूवर असतां ब्रेक दाबला, तर गाडी एका बाजूला ओढली जाण्याची प्रवृत्ति बळावते. चाकाच्या आंतील बेअरिंगवर, गाडी सरळ चालली असतांहि, सतत एक पिळणारा ताण पडूं लागतो. पातळ तबकडीनें बेअरिंग दुसऱ्याच दिवशीं निकामी होत नाहीं. पण त्याचें आयुष्य कमी होतें.

तथापि हे सर्व दोष हळूहळू जाणवणारे आहेत. खरा धोका आहे तो चाकाच्या बांधणींत, आणि तेथेंच बैलगाडीच्या खिळीचा दाखला पुन्हा उपयोगी पडतो. सामान्य समजूत अशी, कीं चाक चार-पांच बोल्टांवर टांगलेलें असतें आणि गाडीचा भार ते बोल्ट उचलतात. ही समजूत चुकीची आहे. हबवर आटे पाडलेल्या लोखंडी खुंट्या असतात. त्यांना स्टड म्हणतात. त्यांवर नट आंवळला, कीं स्टड किंचित् ताणला जातो, आणि ताणलेल्या रबराप्रमाणें तो मागें येऊं पाहतो. त्या ओढीनें चाक हबवर दाबलें जातें. दोन पृष्ठभाग इतक्या जोरानें एकमेकांवर दाबले गेले म्हणजे त्यांमधील घर्षणच चाकाला सरकूं देत नाहीं. भार उचलतें तें घर्षण. स्टडचें काम केवळ दाब कायम राखण्याचें.

हा दाब किती असतो? एम्.एक्स्.-५ गाडीला १२ मिलिमीटर व्यासाचे चार स्टड एका चाकास आहेत, आणि नट ८८ ते ११८ न्यूटन-मीटर इतक्या पिळानें आंवळावे असें निर्मात्यानें सांगितलें आहे. अर्धा मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला २० किलोंचें वजन टांगावें, तेवढा हा पीळ होय. एवढ्या साध्या श्रमानें प्रत्येक स्टडमध्यें सुमारे चार टनांची ओढ उत्पन्न होते. चौघांची मिळून सोळा टनांच्या आसपास. एक टन वजनाच्या गाडीचें एकेक चाक सोळा टनांच्या दाबानें धरलेलें असतें, हें ऐकून नवल वाटेल. पण सुरक्षितता ती हीच.

आतां हा दाब सैल झाला तर काय होतें? चाक हबवर सूक्ष्म अंतरानें सरकूं लागतें, आणि जें काम घर्षणाचें तें स्टडच्या अंगावर येतें. प्रत्येक फेऱ्याबरोबर स्टड एकदां इकडे, एकदां तिकडे वांकतो. या गाडीचें मूळ चाक एका किलोमीटरांत सुमारे ५५० फेरे घेतें. म्हणजे मुंबईहून पुण्यापर्यंतच्या दीडशें किलोमीटरांत ऐशीं हजारांहून अधिक वेळां तें वांकणें घडतें. तार सारखी पुढेंमागें वांकविली असतां जशी तुटते, तसाच स्टड तुटतो. एक तुटला कीं उरलेल्यांवर भार वाढतो, आणि मग विलंब लागत नाहीं. ताशीं ८० किलोमीटर वेगानें सुटलेलें दहा-पंधरा किलोंचें चाक कोणाच्या अंगावर जाईल हें कोणी सांगावें!

तबकडी घातली, कीं या व्यवस्थेंत दोन गोष्टी बदलतात. पहिली, जेथें दाबलेल्या पृष्ठभागांचा एक सांधा होता, तेथें दोन होतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: तबकडीची जाडी स्टडच्या लांबींतून वजा होते. नट स्टडवर निदान स्टडच्या व्यासाइतका तरी चढला पाहिजे, असा जुना नियम आहे. १२ मिलिमीटरांच्या स्टडवर दोन आट्यांमधील अंतर १.५ मिलिमीटर असल्यास याचा अर्थ पूर्ण आठ फेरे. पांच मिलिमीटरांची निरुपद्रवी दिसणारी तबकडी यांतील तीन फेऱ्यांहून अधिक गिळून टाकते. म्हणून नट हातानें चढवितांना फेरे मोजावे. आठ भरत नसतील, तर ती तबकडी त्या स्टडांवर वापरूं नये.

यावर उपाय दोन. एक, मूळ स्टड काढून त्यांच्या जागीं तबकडीच्या जाडीइतके अधिक लांब स्टड हबमध्यें बसविणें. दुसरा, स्वतःचे स्टड असलेली जाड तबकडी घेणें. ही प्रथम हबच्या स्टडवर नटांनीं आंवळतात, आणि मग तिच्या स्वतःच्या स्टडवर चाक चढवितात. पहिल्या जोडीचे नट तबकडीच्या जाडींतच लपावे लागत असल्यानें हा प्रकार सहसा २० मिलिमीटरांहून पातळ नसतो. यांत एक अडचण आहे: आंतले नट चाकाखालीं झांकले जातात, आणि चाक काढल्याशिवाय ते तपासतां येत नाहींत. जें दिसत नाहीं त्याचा विसर पडतो, हा मनुष्यस्वभाव येथें घातक ठरतो.

मध्य साधण्याचा प्रश्नहि असाच नाजूक आहे. हबच्या मध्यभागीं एक उंचवटा असतो. या गाडींत त्याला जुळणारें चाकाचें भोंक ५४.१ मिलिमीटर व्यासाचें आहे. चाक त्या उंचवट्यावर बेतानें बसतें व आपोआप मध्यावर येतें. तबकडी घेतांना तिचें भोंक याच मापाचें असावें, आणि तिच्या बाहेरच्या बाजूसहि तसाच उंचवटा चाकासाठीं असावा. अगदीं पातळ तबकड्यांत असा उंचवटा करण्यास जागा नसते, आणि मूळ उंचवटा त्या झांकून टाकतात. मग चाक केसभर जरी एका बाजूला बसलें, तरी वेग वाढतांच सुकाणूचें चक्र हातांत थरथरूं लागतें. सर्व गाड्यांना चालणारी, लांबट भोंकांची तबकडी म्हणूनच टाळावी. जी सर्वांना येते ती कोणालाच नीट येत नाहीं.

बसविण्याचें काम घाईचें नव्हे. गाडी सपाट जमिनीवर घेऊन, उरलेल्या चाकांना अडण्या लावून, मजबूत आधारावर उचलावी. नुसत्या जॅकवर विश्वासूं नये. चाक काढल्यावर हबचा पृष्ठभाग तारांच्या ब्रशानें घांसून गंज समूळ काढावा. गंजाचा पापुद्रा तबकडीखालीं राहिला, तर आज नट घट्ट वाटतो. चार दिवसांनीं पापुद्र्याचा भुगा होतो आणि दाब नाहींसा होतो. तबकडी हातानें बसवून ती डगमगत नाहीं हें पाहावें. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावूं नये, कारण मग त्याच पिळानें स्टड प्रमाणाबाहेर ताणला जातो. नट प्रथम बोटांनीं चढवावे, मग एकाआड एक, समोरासमोरचे, थोडे थोडे आंवळावे. आणि शेवटीं चाक जमिनीवर टेकवून, पीळ मोजणाऱ्या पान्यानें नेमलेल्या मापापर्यंत न्यावे. अंगच्या जोरावर भरंवसा ठेवणाऱ्या कारागिराचा अंदाज दोन्हीं बाजूंनीं चुकतो. पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर प्रत्येक नट पुन्हा तपासावा. नवे सांधे पहिल्या धांवेंत थोडे बसतात. ही दुसरी तपासणी बसविण्याचाच भाग आहे.

त्यानंतर जागेची परीक्षा. मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडला, तर टायर बाहेर डोकावतो कीं काय हें तत्काळ कळतें. परंतु उभ्या गाडीची परीक्षा पुरेशी नाहीं. दोन माणसें बसवून, सुकाणू दोन्हीं टोकांना पूर्ण वळवून, स्प्रिंग दाबली जाईल अशा रीतीनें पाहिलें पाहिजे. खड्ड्यांत चाक वर उचललें गेलें, कीं जी फट अंगणांत बोटभर होती ती रस्त्यावर नाहींशी होते, आणि मडगार्डची कड टायरला सुरीसारखी कापते.

कायद्याकडेहि लक्ष देणें अवश्य आहे. जर्मनींत अशा तबकडीला तिच्या चांचणीचा दाखला लागतो, आणि अनेक प्रसंगीं ती बसविल्यावर अधिकृत तपासनिसाकडून गाडी पाहून घ्यावी लागते. भारतांत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम निर्मात्याच्या मूळ वर्णनाशीं विसंगत असा फेरफार करण्यास मनाई करतें. अपघात झाल्यास विम्याची कंपनी प्रथम असल्याच गोष्टी विचारते. म्हणून फेरफारापूर्वीं परिवहन कचेरींत आणि विमा कंपनींत चौकशी करणें, हें पैसे वांचविणारें शहाणपण होय.

ज्याला चाक बाहेर आणावयाचेंच आहे, त्यानें कमी ऑफसेटचें योग्य चाक घ्यावें. सुकाणूवरील परिणाम तोच होतो, पण बांधणींत जादा सांधा येत नाहीं. तबकडीच हवी असेल तर ती मापाची, चांगल्या धातूची, नीट बसविलेली आणि पुन्हा तपासलेली असावी. आणि गाडींत शेजारीं बसणाऱ्यांनींहि एक लक्षांत ठेवावें: चाकाकडून टक्‌टक् असा आवाज येऊं लागला किंवा नवीच थरथर जाणवली, तर घर जवळ आलें म्हणून तशीच गाडी नेऊं नये. तेथेंच थांबून नटांना पाना लावून पाहावा. निघण्यापूर्वीं खिळीला हात लावणारा गाडीवान निरक्षर असेल; पण चाकाविषयींचें जें पहिलें ज्ञान तें त्याच्यापाशीं होतें.