स्पर्धकाला दारातच अडवताना

गैरसमज : ज्याचं सॉफ्टवेअर सरस तो टिकतो, बाकीचे आपल्या कर्माने बुडतात.

वस्तुस्थिती : १९९० च्या सुमारास डिजिटल रिसर्चची डीआर-डॉस ही प्रणाली मायक्रोसॉफ्टच्या एमएस-डॉसला चांगलीच टक्कर देत होती. मायक्रोसॉफ्टचं सर्वांत परिणामकारक उत्तर मात्र करारनाम्यात होतं. संगणक बनवणाऱ्या कंपन्यांना एमएस-डॉस सवलतीत मिळे, पण कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे पैसे भरायचे, मग त्यात एमएस-डॉस घातलेलं असो वा नसो. अशा कंपनीने एखाद्या यंत्रात डीआर-डॉस घातलं की तिला दोघांचेही पैसे मोजावे लागत. म्हणजे स्पर्धकाने भाव कितीही पाडला, तरी त्याचा माल वरखर्चच ठरणार. हिशेब बिनतोड होता, हे कबूल करायलाच हवं.

भरीला विंडोज ३.१ च्या चाचणी आवृत्तीत एक छुपी तपासणी होती. खाली एमएस-डॉसऐवजी दुसरी प्रणाली आढळली की पडद्यावर चूक झाल्याचा संदेश येई, प्रत्यक्षात काही बिघडलेलं नसलं तरी. विक्रीच्या आवृत्तीत ती निष्क्रिय केलेली होती. पण चाचणी आवृत्ती वापरतात ते जाणकार, आणि दुकानदारापासून ग्राहकापर्यंत सगळे सल्ला विचारतात तो त्यांनाच. संशय पेरायला याहून चांगली जमीन कुठली?

यंत्रामागे पैसे घेण्याची ती पद्धत अमेरिकी न्याय खात्याशी झालेल्या समझोत्याने १९९४ मध्ये बंद झाली. डीआर-डॉस तोवर नॉव्हेल या कंपनीच्या हाती गेली होती आणि त्याच वर्षी नॉव्हेलने तिचा नाद सोडला.

गैरसमज : वस्तू फुकट मिळतेय, मग ग्राहकाचं नुकसान काय?

वस्तुस्थिती : नेटस्केपचा ब्राउझर विकला जात असताना मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर फुकट दिला आणि विंडोजला जोडून टाकला. ब्राउझरवरच सगळे प्रोग्रॅम चालू लागले तर विंडोजची गरज कमी होईल, ही खरी धास्ती. एका फुकट वस्तूने विकाऊ वस्तूची मक्तेदारी राखली.

गैरसमज : सेटिंग बदलायला दोन मिनिटं लागतात, त्यामुळे कोणी कोणाला अडवत नाही.

वस्तुस्थिती : दोन मिनिटंच लागतात, आणि तरीही बहुतेक जण ती खर्च करत नाहीत. फोन आणि ब्राउझरमध्ये आपलंच सर्च आधीपासून असावं म्हणून गूगलने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर मोजले. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने सर्चमधली मक्तेदारी बेकायदेशीरपणे टिकवल्याचा निकाल दिला, त्यात हा आकडा नोंदलेला आहे.

गैरसमज : एवढी मोठी कंपनी म्हणजे कायद्याने गुन्हेगारच.

वस्तुस्थिती : नाही. भारताच्या २००२ च्या स्पर्धा कायद्यात वर्चस्व असणं गुन्हा नाही, त्याचा गैरवापर बेकायदा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडप्रकरणी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, तो प्ले स्टोअर हवं असलेल्या फोन कंपन्यांवर गूगलची बाकीची अ‍ॅपही लादल्याबद्दल. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, मात्र आयोगाचे चार निर्देश रद्द केले. आधीपासून भरलेली ही अ‍ॅप ग्राहकाला काढून टाकता यावीत, हा त्यांतलाच एक.