नोकरीच्या शोधात स्वतःचे संकेतस्थळ

नोकरीच्या अर्जात उमेदवाराचे नाव, शिक्षण व अनुभव नमूद असतो. परंतु त्याच्या हातचे काम कसे आहे, हे त्यावरून कळत नाही. मोठ्या शहरात ज्यांची ओळखदेख नाही, अशा ग्रामीण तरुणांना ही उणीव विशेष जाणवते. सत्तरी किंवा काणकोण तालुक्यातील एखाद्या आरेखकाने तयार केलेले नकाशे पणजीच्या वा पुण्याच्या व्यावसायिकाला घरबसल्या पाहावयास मिळाले, तर त्याची पारख शिफारशीवाचून होऊ शकते. स्वतःचे संकेतस्थळ ही सोय करून देते.

जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधन संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी वेबचे तंत्र सर्वांस विनामूल्य खुले केले. त्यामुळे संकेतस्थळ उभारण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही. ‘गूगल साइट्स’सारख्या सुविधेतून संगणकाची भाषा न शिकता व खर्च न करता पाने तयार करता येतात. स्वतंत्र नाव हवे असल्यास मात्र ते शुल्क भरून नोंदवावे लागते आणि मुदत संपण्यापूर्वी त्याचे नूतनीकरण करावे लागते.

अशा संकेतस्थळावर थोडक्यात परिचय, शिक्षण व अनुभव, निवडक कामाचे नमुने आणि संपर्काचा ई-मेल एवढा मजकूर पुरेसा होय. प्रत्येक नमुन्याखाली त्यात आपला वाटा नेमका कोणता होता, हे प्रामाणिकपणे लिहावे. दुसऱ्यासाठी केलेले काम त्याच्या संमतीनेच प्रसिद्ध करावे. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा; जुन्या पद्धतीच्या फाँटमधील मजकूर शोधयंत्रांना वाचता येत नाही. पाने मोबाइलवर नीट दिसतात किंवा कसे, हेही तपासून पाहावे.

आधार क्रमांक, बँक खात्याचा तपशील, जन्मतारीख, घरचा पत्ता व गुणपत्रिकांच्या प्रती संकेतस्थळावर कदापि ठेवू नयेत. त्यांचा गैरवापर होण्याचा संभव असतो. संकेतस्थळ पाहून कोणी नोकरीचे आमिष दाखवून पैसे मागितल्यास ती फसवणूक समजावी व १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

शासकीय पदांसाठी विहित अर्ज व निवडपद्धती यांना संकेतस्थळ हा पर्याय नव्हे. खाजगी क्षेत्रात मात्र त्याचा पत्ता अर्जात नमूद करणे हितावह ठरते. शिक्षकांनी शाळा-महाविद्यालयांतूनच विद्यार्थ्यांना आपल्या कामाचे नमुने जपून ठेवण्याची सवय लावल्यास, पुढे नोकरी शोधताना दाखवण्याजोगे काही त्यांच्या हाती असेल.