आजोबांची दुनळी किती जुनी, कोणाची, किती किमतीची? खरं उत्तर नळीखालच्या शिक्क्यांत

थळ (ता. अलिबाग) : वाडीच्या राखणीसाठी परवान्यावर घेतलेली बंदूक काही घरांत अजून आहे. परवानाधारक वारला की वारसांत चर्चा सुरू होते: विलायती आहे, लाखोंची असेल! पण बंदुकीचं वय आणि किंमत अंदाजाने ठरत नाही.

सगळ्यात आधी बंदूक रिकामी असल्याची जाणकाराकडून खात्री करावी. ठासणीच्या बंदुकीत जुना बार वर्षानुवर्षं तसाच राहिलेला असू शकतो.

नाव कोणाचं?
वरचं कोरीव नाव बनवणाऱ्याचंच असेल असं नाही. पूर्वी मुंबई-कोलकात्याचे विक्रेते विलायती बंदुकीवर स्वतःचं नाव घालून घेत. नाव, बोअर आणि नंबर परवान्याच्या पुस्तिकेतही असतो, तो जुळवून बघावा. '12' म्हणजे साल नव्हे. एक पाऊंड शिशाचे 12 सारखे गोळे केले, तर त्यातल्या एका गोळ्याएवढं नळीचं तोंड, असा त्याचा अर्थ.

वय कसं कळतं?
परवानाधारक दुकानदार नळ्या उतरवून खालचे शिक्के बघतो. मुकुटाखाली 'बीपी', 'बीव्ही' असेल तर बर्मिंगहॅमची 1904 नंतरची चाचणी. त्याआधी तिथे मुकुट आणि आडवे-उभे राजदंड असा शिक्का होता. 'नॉट फॉर बॉल' असेल तर साधारण 1875 ते 1887 मधली. लंबगोलात 'ईएलजी' म्हणजे बेल्जियमची. 'वेब्ली अँड स्कॉट' ही कंपनी 1897 साली झाली, त्यामुळे ते नाव असलेली बंदूक त्याआधीची असूच शकत नाही.

किंमत कशावर?
बनवणारा कोण, नळी आतून गंजली आहे का, भाग मूळचे आहेत का, यावर. पॉलिश पेपरने घासलं तर शिक्के पुसतात आणि किंमत उतरते. नळीवर लाकडासारख्या रेषा दिसल्या तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या वळून केलेली, काळ्या दारूच्या काळातली. तिच्यात आजचं काडतूस घातलं तर नळी फुटू शकते.

कागद नसेल तर किंमत शून्य
"जुनी आहे, तिला परवाना कशाला?" हा गैरसमज महागात पडतो. दुरुस्त करूनही जी चालणार नाही, अशाच जुन्या हत्याराला शस्त्र कायदा 1959 मध्ये सूट आहे. चालणारी बंदूक विनापरवाना सापडली तर 2019 च्या दुरुस्तीनुसार दोन ते पाच वर्षं कैद होऊ शकते.

परवानाधारक वारल्यावर बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करून पावती घ्यावी. नावावर करायची तर इतर वारसांच्या संमतीसह जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करावा. विकायची असेल तर परवानाधारकालाच. दारावर येणाऱ्या जुन्या वस्तूवाल्याला तर मुळीच देऊ नये. तो पैसे देऊन निघून जाईल, गुन्हा घरच्यांच्या नावावर राहील.