पत्रातले ‘वुड’ आणि ‘विल’

परदेशी गिऱ्हाइकाला इंग्रजीत लिहिताना आपले व्यापारी बंधू बहुधा ‘प्लीज’ आणि ‘काइंडली’ या दोन शब्दांवर भागवतात. ‘काइंडली सेंड द सॅम्पल’ हे व्याकरणाने बिनचूक आहे; पण क्रियापद आज्ञार्थी असल्याने विलायतेतल्या वाचणाऱ्याला ते हुकमासारखे लागू शकते. तिथली विनंती जर-तरने होते : ‘वुई वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड सेंड द सॅम्पल.’ ‘अॅप्रिशिएट’ वापरायचे तर त्यामागे ‘इट’ हवे : ‘वुई वुड अॅप्रिशिएट इट इफ यू सेंट द सॅम्पल.’ हे ‘इट’ आपल्याकडून हमखास गळते. ‘सेंट’ हे भूतकाळी रूप पाहून मात्र बिचकू नये. आपणही ‘नमुना पाठवलात तर बरे होईल’ असेच म्हणतो की!

मराठीची सवय दगा देते ती दुसरीकडे. ‘तुम्ही एलसी उघडाल तर आम्ही माल पाठवू’, यात दोन्हीकडे भविष्यकाळ. तेच जसेच्या तसे ‘इफ यू विल ओपन’ असे उतरवले, तर ‘उघडायला राजी असाल तर’ असा अर्थ निघू शकतो. अट घालताना ‘इफ’नंतर वर्तमानकाळ आणि आपल्या वचनात ‘विल’ : ‘इफ यू ओपन द एलसी बाय द टेन्थ, वुई विल शिप इन थर्टी डेज.’ इथे अदबीखातर ‘वुड’ घातले की हमीच सैल होते. दर आणि तारीख सांगताना एवढी अदब नको, असे आमचे मत आहे.

सौदा ठरवताना तर अधिकच जपावे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७ प्रमाणे होकार पूर्ण आणि बिनशर्त लागतो. ‘वुई विल अॅक्सेप्ट इफ यू रिड्यूस द प्राइस’ हा होकार नव्हे, नवा प्रस्ताव ठरू शकतो. मग मूळ भावावर हक्क सांगता येत नाही. नुसते विचारायचे असेल तर ‘वुड यू कन्सिडर अ लोअर प्राइस?’ असे विचारावे.

१८८० सालच्या ‘स्टीव्हन्सन विरुद्ध मॅक्लीन’ या इंग्लंडमधील खटल्यात हाच मुद्दा होता. विक्रेत्याने लोखंड टनाला ४० शिलिंग रोख या भावाने देऊ केले व सोमवारपर्यंत मुदत दिली. सोमवारी सकाळी खरेदीदाराने तार करून विचारले, याच भावात दोन महिन्यांत माल घेणे चालेल का? उत्तर न देता विक्रेत्याने माल दुसऱ्याला विकला. दुपारी १.३४ ला खरेदीदाराने मूळ अटींवर होकाराची तार केली. प्रस्ताव मागे घेतल्याची तार त्याला १.४६ ला मिळाली. सकाळची तार ही केवळ विचारणा होती, नकार किंवा नवा प्रस्ताव नव्हे, असे कोर्टाने ठरवले व विक्रेता नुकसानीस जबाबदार धरला गेला.

विचारणा झाली की होकार वेगळ्या ओळीत, ‘वुई अॅक्सेप्ट युवर ऑफर’ असा लिहावा. त्यात ‘इफ’ येऊ देऊ नये.