स्वयंचलित अवैध दूरध्वनी
ग्राहकाच्या संमतीवाचून, संगणकाद्वारे असंख्य क्रमांक आपोआप जोडून ध्वनिमुद्रित संदेश ऐकविणारे व्यापारी वा फसवे दूरध्वनी. पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यातील पाळीवरच्या कामगाराला रुग्णालयाचा वा शाळेचा निकडीचा दूरध्वनीही अनोळखी क्रमांकावरून येऊ शकतो. म्हणून अनोळखी क्रमांक टाळणे हा पुरेसा उपाय नव्हे.

दूरध्वनी करणाऱ्याची नोंद उगमाकडील सेवादात्याजवळ असते. त्यामुळे परिणामकारक नियंत्रण तेथेच शक्य होते. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सेवादाते व्यापारी प्रेषकांची व ग्राहकांच्या संमतीची नोंद सामायिक संगणकीय नोंदवहीत ठेवतात. जाहिरातींसाठी १४०, तर बँकादी वित्तसंस्थांच्या सेवाविषयक दूरध्वनींसाठी १६०० ही क्रमांकमालिका आहे. नोंदणी नसलेल्या प्रेषकाविरुद्ध १० दिवसांत ५ तक्रारी आल्यास कारवाई करण्याची तरतूद २०२५ च्या दुरुस्तीने झाली. १९०९ या क्रमांकावर केलेली तक्रार उगमाकडील सेवादात्याकडे पाठविली जाते.

परदेशांतून येऊन भारतीय क्रमांक दर्शविणारे बनावट दूरध्वनी अडविणारी यंत्रणा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. पहिल्या २४ तासांत तिने सु. १·३५ कोटी दूरध्वनी रोखले.